प्रादेशिक विमानसेवा आणि वैमानिकाची उमेदवारी

कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, जळगाव, अमरावती या गावांतील व्यापारी कुटुंबांना विमानप्रवासाचे अप्रूप आता फारसे उरलेले नाही. ज्या प्रवासाला पूर्वी रेल्वेतील एक अख्खी रात्र खर्ची पडे, तो तास-सव्वा तासावर आला आहे. खरेदीला निघालेला दुकानदार, शिक्षणासाठी बाहेरगावी राहणारी मुले, माहेरी येणाऱ्या लेकी अशी सगळी मंडळी सत्तर-पंचाहत्तर आसनांच्या लहान विमानांतून ये-जा करतात. साहजिकच घरातील एखाद्या मुलाची वा मुलीची नजर प्रवाशांच्या आसनांवरून पुढच्या बंद दाराकडे वळते आणि एके संध्याकाळी जेवताना प्रश्न येतो, ‘‘पप्पा, मला पायलट व्हायचं आहे.’’

हा प्रश्न कौतुकाचा असला तरी त्यामागची रक्कम लहान नाही. परवाना आणि त्यापुढील प्रशिक्षण मिळून आज पन्नास ते पंचाहत्तर लाखांच्या घरात खर्च जातो. तालुक्याच्या बाजारपेठेत एवढ्यात एक चांगला गाळा येतो. किंबहुना पुष्कळ घरांत तो गाळाच बँकेकडे तारण ठेवून हा खर्च उभा केला जातो. म्हणूनच या क्षेत्रात, विशेषतः ज्या प्रादेशिक कंपन्यांत नवख्या वैमानिकाला पहिली संधी मिळण्याची शक्यता असते तेथे, भरती कशी होते, केव्हा थांबते आणि का थांबते, हे सही करण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रादेशिक विमानसेवा म्हणजे मोठ्या शहरांना लहान शहरांशी जोडणारी, लहान विमाने वापरणारी सेवा. आपल्याकडे यातील सर्वांत जुने नाव अलायन्स एअरचे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, तेव्हा ही कंपनी मात्र सरकारकडेच राहिली. तिचा मुख्य भार एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानांवर आहे. कोल्हापूरच्या घोडावत समूहाने २०१९ मध्ये स्टार एअर सुरू केली. तिने आरंभी पन्नास आसनांची आणि नंतर शहात्तर आसनांची एम्ब्राएर जेट विमाने आणली. गोव्याहून चालणारी फ्लाय ९१ ही मार्च २०२४ मध्ये उड्डाणास सिद्ध झाली. तिचीही विमाने एटीआर जातीची. सिंधुदुर्ग, जळगाव आणि सोलापूर ही नावे तिच्या वेळापत्रकात आली. एटीआरला लहान धावपट्टी पुरते, इंधन कमी लागते, आणि सत्तर आसने भरली तर फेरी परवडते. जेट कंपन्या ज्या गावाकडे ढुंकून पाहत नाहीत, तेथे हे विमान उतरू शकते ते यामुळेच.

या सेवांना बळ मिळाले ते केंद्राच्या ‘उडान’ योजनेमुळे. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली मार्गावर तिची पहिली फेरी झाली. तासाभराच्या प्रवासाला काही आसनांपुरते अडीच हजार रुपयांचे भाडे ठरवायचे आणि कंपनीचा होणारा तोटा तीन वर्षे अनुदानातून भरून द्यायचा, असा तिचा साधा हिशेब. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर नव्या दुकानाला तीन वर्षे भाडेमाफी. खरी परीक्षा चौथ्या वर्षी होते.

त्या परीक्षेचा निकाल नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग देण्यात आले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले, त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकले ते फक्त ५४. एवढे आकडे एखाद्या कर्जअर्जासोबत आले असते तर कोणत्याही शाखाधिकाऱ्याने चष्मा पुसून ते पुन्हा वाचले असते.

जळगावकरांना हा अनुभव पुस्तकातून शिकावा लागला नाही. २०१७ च्या अखेरीस एअर डेक्कनची एकोणीस आसनी विमाने तेथे आली आणि थोड्याच काळात दिसेनाशी झाली. पुढे ट्रूजेट आली. २०२२ च्या आरंभी तिचीही उड्डाणे थांबली. त्याआधी दक्षिणेत पॅरामाउंट आणि एअर कोस्टा या कंपन्या उदयाला येऊन अस्तास गेल्या होत्या. त्याहून मागे जायचे तर १९८१ मध्ये सरकारने स्थापलेली वायुदूतही टिकली नाही. प्रादेशिक कंपनीचा नफा अतिशय पातळ असतो. विमाने बहुधा भाड्याची, भाडे डॉलरमध्ये, इंधनाचा भाव जागतिक बाजाराच्या हाती, आणि तिकिटाचे उत्पन्न मात्र रुपयांत. चारपैकी एक विमान सुट्या भागांसाठी महिनाभर उभे राहिले तर वेळापत्रकाचा चौथा भाग कोसळतो. मोठ्या कंपनीला हा धक्का जाणवतही नाही.

असे असूनही भरतीची जाहिरात बहुतेकदा याच कंपन्यांकडून येते, याचे कारण नीट पाहिले पाहिजे.

एका विमानाला किती वैमानिक लागतात, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. विमान रोज दहा तास उडाले तर वर्षाला ३,६५० तास होतात. कॉकपिटमध्ये दोन आसने असल्यामुळे ७,३०० वैमानिक-तास लागतात. नियमाने एका वैमानिकास वर्षात १,००० तासांहून अधिक उडता येत नाही. रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि विश्रांती वजा जाता प्रत्यक्षात सातशे ते आठशे तास पदरात पडले तरी पुष्कळ. म्हणजे एका विमानामागे साधारण दहा वैमानिक, पाच कप्तान आणि पाच सहवैमानिक. कंपनीने दोन विमाने आणली की वीस जागा निर्माण होतात. पण त्यातील दहाच जागा नवख्यांसाठी आहेत, आणि त्या दहाही उरलेले दहा कप्तान मिळाल्याशिवाय भरता येत नाहीत.

खरी मेख येथे आहे. सहवैमानिकाच्या परवान्याचे तरुण देशात विपुल आहेत. टंचाई कप्तानांची आहे. कप्तान होण्यासाठी वाहतूक वैमानिकाचा वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान १,५०० तासांचे उड्डाण हवे. दोनशे तासांवर व्यापारी परवाना घेऊन आलेल्या तरुणाला उरलेले तेराशे तास कोणीतरी कमावू द्यावे लागतात. प्रादेशिक कंपनी हे काम करते. जुन्या पेढ्यांवर पोरगा उमेदवारीला राही; तराजू धरी, खातेवही लिही, गिऱ्हाईक ओळखू लागे आणि चार वर्षांनी स्वतःचे दुकान थाटी. एटीआरच्या उजव्या आसनावरील सहवैमानिकाची स्थिती नेमकी तीच आहे. दिवसातून चार-चार वेळा उतरणे-चढणे, लहान धावपट्ट्या, पावसाळ्यातील कोकण आणि घाटमाथ्यावरचे ढग यांमुळे त्याचा हात लवकर बसतो. मोठ्या कंपनीत सहवैमानिकांची रांग लांब असते. येथे ती आखूड असल्याने कप्तानपदही तुलनेने लवकर हाती येते.

आणि हात बसला की तो जातो. मोठ्या जेट कंपनीचे बोलावणे येते, वेतन वाढते, मोठे शहर मिळते. प्रादेशिक कंपनीने तयार केलेला माणूस दुसऱ्याच्या वेळापत्रकात दिसू लागतो. त्यामुळे या कंपन्यांची भरती त्यांच्या स्वतःच्या वाढीपेक्षा वरच्या कंपन्यांच्या भुकेवर अधिक अवलंबून असते. इंडिगो वा एअर इंडिया जोमाने माणसे घेत असतील तर खालच्या पायरीवर जागा रिकाम्या होतात. वरची भरती थंडावली की सहवैमानिक आहेत तेथेच थांबतात आणि नव्या मुलांच्या अर्जांवर धूळ साचते.

बाहेर पडणाऱ्यालाही हा सौदा फुकट नसतो. एटीआरवर कप्तान झालेला वैमानिक जेटकडे गेला तर बहुधा त्याला पुन्हा उजव्या आसनावर, सहवैमानिक म्हणून बसावे लागते, कारण जेटच्या कप्तानपदासाठी जेटवरचे तास मागितले जातात. हातातले नेतृत्व सोडून मोठ्या विमानाच्या रांगेत उभे राहावे, की लहान विमानावर मालकासारखे राहावे, हा निर्णय प्रत्येकाने आपल्या वयाप्रमाणे आणि कर्जाप्रमाणे घ्यायचा असतो. स्टार एअरसारख्या जेट वापरणाऱ्या प्रादेशिक कंपनीत हा पेच काहीसा सौम्य होतो, कारण तेथील तास जेटचेच असतात.

आता देशाच्या एकूण चित्राकडे वळू. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. जानेवारी २०२४ मध्ये अकासा एअरने आणखी १५० विमानांची भर घातली. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील, असे नागरी विमानवाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितले आहे. प्रशिक्षण संस्थांच्या प्रत्येक माहितीपत्रकावर हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. तो खोटा नाही. मात्र तीस हजारांना पंधराने भागले तर वर्षाला दोन हजार होतात, आणि विसाने भागले तर दीड हजार. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ व्यापारी परवाने दिले. म्हणजे पुरवठा मागणीच्या जवळपास पोहोचलेलाच आहे, शिवाय आधीच्या वर्षांतील परवानाधारक रांगेत आहेत ते वेगळेच. मागणी नोंदवलेली विमानेही एकदम येत नाहीत. ती दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात, आणि कारखान्यांकडून उशीर झाला की भरतीही त्याच मापाने लांबते.

नियमांचाही या बाजारावर परिणाम होतो. वैमानिकांच्या थकव्याचा विचार करून डीजीसीएने साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या उतरण्यांवर कडक मर्यादा घातली. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरच्या आरंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर जमिनीवर बसलेले प्रवासी सर्वांनी पाहिले. त्या गोंधळाचा अर्थ नोकरीच्या दृष्टीने एवढाच की, तेच वेळापत्रक चालवण्यासाठी आता अधिक माणसे लागतात. मोठ्या कंपन्या त्या गरजेपोटी अनुभवी वैमानिक खेचणार, आणि प्रादेशिक कंपन्यांत जागा होणार, हे उघड आहे. पण याच बाजाराने उलटा वाराही पाहिला आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. दोन्ही वेळी शेकडो अनुभवी वैमानिक एकदम बाजारात आले आणि दोनशे तासांचा नवखा मुलगा आपोआप मागे सारला गेला. २०२० च्या महामारीत तर संपूर्ण पेठच बंद होती.

ज्या घरात हा विचार चालू आहे त्यांनी पहिले पाऊल पैशाचे टाकू नये, डॉक्टरकडे टाकावे. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी होते. चष्मा असला तरी चालतो, पण रंगांधत्व असेल तर मार्ग बहुधा तेथेच संपतो. लाखो रुपये भरल्यानंतर हे समजलेली कुटुंबे आहेत. शैक्षणिक अट बारावीची, भौतिकशास्त्र आणि गणितासह. व्यापारी घरांतील बहुसंख्य मुले वाणिज्य शाखेकडे जातात. त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय स्वतंत्रपणे उत्तीर्ण होता येतात. त्यानंतर हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, विमान नियम, तांत्रिक विषय आणि रेडिओ संभाषण यांच्या परीक्षा. हुशार मुलाने उड्डाणाची फी भरण्यापूर्वीच लेखी परीक्षा उरकाव्यात, हे उत्तम. कारण उड्डाणशाळेत थांबलेला प्रत्येक महिना खोलीभाडे आणि खानावळ मागतो.

उड्डाणशाळांसाठी दूर जाण्याची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला चालते. गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय संस्था आहे, शिरपुरात आणि बारामतीतही शाळा आहेत, आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडवण्याच्या इराद्याने स्वतःची शाळा हाती घेतली. शाळा निवडताना इमारत पाहू नये. तेथे उडण्याच्या स्थितीत असलेली विमाने किती, प्रशिक्षक किती, आणि मागील तुकडीला दोनशे तास पूर्ण करण्यास किती महिने लागले, हे तीन प्रश्न विचारावेत. पंधरा-अठरा महिन्यांचा म्हणून सांगितलेला अभ्यासक्रम अडीच वर्षे लांबणे विरळा नाही. मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट योजनांत शेवटी नोकरीचे पत्र मिळते, पण त्यात ‘अटींच्या अधीन’ हे शब्द असतात. बँकेच्या मंजुरीपत्रातील त्याच शब्दांना जेवढे वजन द्यावे तेवढेच येथेही द्यावे.

आता कर्जाविषयी. वैमानिक प्रशिक्षण शैक्षणिक कर्जाच्या चौकटीत बसते. मात्र साडेसात लाखांपुढे बँका सर्वसाधारणपणे स्थावर तारण मागतात. समजा पन्नास लाख उचलले आणि शिकण्याच्या काळातील व्याज चढून ते साठ लाख झाले. साडेदहा टक्के दराने पंधरा वर्षांच्या परतफेडीचा मासिक हप्ता सुमारे ६६,३०० रुपये येतो. एकूण परतफेड एक कोटी एकोणीस लाखांच्या पुढे जाते. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत असते. त्यानंतर नोकरी असो वा नसो, हप्ता सुरू होतो. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेल्यास हा बोजा पुष्कळ हलका होतो, आणि चालू दुकान असलेल्या घराला ते शक्यही असते.

येथे व्यापारी कुटुंबांकडून होणारी एक चूक सांगायलाच हवी. शैक्षणिक कर्जाची कागदपत्रे नकोत म्हणून दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून फी भरली जाते, किंवा नात्यातून हातउसने उचलले जातात. खेळते भांडवल पंधरा वर्षांच्या कामात अडकले की दिवाळीच्या मालाला पैसा कमी पडतो आणि खाते अनियमित होते. शिवाय शैक्षणिक कर्जाच्या संपूर्ण व्याजावर आयकराच्या कलम ८०ई खाली आठ वर्षे मिळणारी वजावट केवळ बँकेच्या वा मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जालाच लागू आहे, तीही जुनी करप्रणाली स्वीकारली असेल तर. मामाकडून घेतलेल्या रकमेला ती नाही.

टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण, याबाबत घाई हा दुसरा खड्डा. नोकरी लवकर मिळेल या आशेने पुष्कळ तरुण स्वतःच्या खर्चाने एअरबस ए-३२० चे रेटिंग घेऊन बसतात. मग जाहिरात एटीआरची निघते आणि घेतलेले प्रशिक्षण निरुपयोगी ठरते. ज्या कंपनीने निवड केली तिच्याच विमानाचे रेटिंग, निवडपत्र हाती आल्यावर घेणे शहाणपणाचे. परवाना हा गोदामात ठेवण्याजोगा मालही नव्हे. वैद्यकीय प्रमाणपत्र, उपकरणांवरील उड्डाणाची पात्रता आणि अलीकडील उड्डाणाचे तास हे सर्व ताजे राखावे लागते, आणि प्रत्येक नूतनीकरणाला पैसे पडतात.

निवड झालीच तर कराराचा कागद वडिलधाऱ्यांनी मुलासोबत बसून वाचावा. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी कंपन्या काही वर्षांचे बंधपत्र घेतात. शिवाय डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कप्तानाला नोकरी सोडताना बारा महिन्यांची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. मुदतीपूर्वी निघून गेलेल्या वैमानिकांवर कंपनी न्यायालयात गेल्याचे उदाहरण २०२३ मध्ये देशाने पाहिले. वेतन दरमहा वेळेवर होते का, विमाने किती आणि त्यांपैकी उडती किती, पुढील वर्षी कोणती विमाने ठरलेली आहेत, ही चौकशी आधीच नोकरीत असलेल्या एखाद्या सहवैमानिकाकडे केली तर जाहिरातीपेक्षा अधिक कळते. स्थळ पाहायला गेलेल्या मंडळींना ही कला शिकवावी लागत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून नोंदवावी. भारतात वैमानिकांपैकी सुमारे पंधरा टक्के महिला आहेत. जगाच्या सरासरीच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. प्रादेशिक सेवेत फेऱ्या आखूड असल्याने अनेक रात्री मुक्काम आपल्या तळावरच होतो, ही सोय कुटुंबांना मोलाची वाटते. जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर आजीने देवासमोर हात जोडणे स्वाभाविक आहे. तिला धीर देण्याचे काम मुलीनेच करावे.

परवाना मिळूनही जागा नसतील, तर हातावर हात धरून बसण्याखेरीज एक चांगला मार्ग आहे, तो प्रशिक्षकाचा. साहाय्यक उड्डाण प्रशिक्षकाचे रेटिंग घेतलेल्या तरुणाला उड्डाणशाळा नोकरी देतात, कारण प्रशिक्षकांची वाण सर्वत्र आहे. वेतन बेताचे असते, धुळ्या-गोंदियाच्या उन्हात दिवसभर उभे राहावे लागते. पण वर्षाकाठी चार-पाचशे तास नोंदवहीत चढतात, आणि पुढच्या वेळी प्रादेशिक कंपनीची जाहिरात निघते तेव्हा त्या नोंदवहीत दोनशेऐवजी सातशे तास असतात.